उत्स्फूर्त प्रकाशाला जागा लागते

साहित्याच्या वाचकाला ‘उत्स्फूर्त’ हा शब्द नवा नाही. ज्याला बाहेरची आज्ञा लागत नाही, जे आतून येते, ते उत्स्फूर्त. भौतिकशास्त्रातही हा शब्द आहे. अणूला ऊर्जा मिळाली की तो उत्तेजित होतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि मग बाहेरून कुणी ढोसले नसतानाही ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडून देतो. याला म्हणतात उत्स्फूर्त उत्सर्जन. सूर्याचा, पणतीच्या ज्योतीचा, घरातल्या एलईडी दिव्याचा, असा आपल्या डोळ्यांत शिरणारा बहुतेक सारा उजेड याच वाटेने जन्माला येतो.

मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत असे, तेव्हा पुस्तकात अणूंच्या उत्तेजित अवस्था किती काळ टिकतात याचे एक कोष्टक असायचे. सोडियमचा पिवळा प्रकाश देणारी अवस्था सुमारे १६ नॅनोसेकंद टिकते, वगैरे. घनता किंवा वितळणबिंदू यांच्यासारखाच हाही पदार्थाचा अंगभूत गुण आहे, अशा थाटात ते आकडे छापलेले असत. आकडे बरोबर होते. त्यांच्याखाली एक अट मात्र छापायची राहून गेलेली असे: अणू मोकळ्या अवकाशात असेल तर.

ही अट लक्षात यायला विज्ञानाला बराच काळ लागला. ती कशी उमगली, आणि गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तीन अणूंएवढ्या जाडीच्या पापुद्र्यापर्यंत ती कशी येऊन पोचली, याचा इतिहास मला इथे मांडायचा आहे. कोनाड्यातल्या पणतीचा उजेड समोर जास्त पडतो, हे आपण पाहतोच. पण कोनाड्यात ठेवली म्हणून पणतीतले तेल लवकर संपत नाही. अणूंच्या बाबतीत मात्र कोनाडा बदलला की तेल संपण्याचा वेगही बदलतो. हा या इतिहासाचा गाभा आहे.

एक छोटे टिपण

१९१६-१७ च्या सुमारास आइन्स्टाइन यांनी अणू आणि प्रकाश यांच्यातल्या व्यवहाराचे तीन प्रकार सांगितले: प्रकाश शोषणे, बाहेरच्या प्रकाशाने उद्दीपित होऊन प्रकाश सोडणे आणि आपोआप सोडणे. दुसऱ्या प्रकारातून पुढे लेझर आला. तिसऱ्या प्रकाराचा दर किती, हे पुंजसिद्धान्तावरून काढण्याचे काम १९२७ मध्ये डिरॅक यांनी केले. त्यांच्या गणितात अणूबरोबर भोवतालचे विद्युत्चुंबकीय क्षेत्रही होते. अणू ऊर्जा सोडतो ती या क्षेत्राच्या अनेक संभाव्य कंपनांपैकी एखाद्याला देतो. म्हणजे प्रकाशाला जायला जितक्या वाटा, तितका त्याचा बाहेर पडण्याचा दर जास्त. मोकळ्या अवकाशात या वाटा ठरलेल्या असतात, म्हणून दरही ठरलेला दिसतो. वाटाच कमी-जास्त केल्या तर काय होईल, हा प्रश्न त्या गणितात पहिल्यापासून होता. तो स्पष्टपणे विचारला गेला १९४६ मध्ये.

एडवर्ड पर्सेल युद्धकाळात अमेरिकेतील एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत रडारवर काम करत होते. रडारच्या कामात धातूच्या पोकळ्यांशी रोजचा संबंध. अशा पोकळीत ठरावीक तरंगलांबीच्या लहरी घुमतात, बाकीच्या मरतात. युद्ध संपताच पर्सेल यांनी हार्वर्डमध्ये अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाचा शोध लावला, आणि त्याबद्दल १९५२ चे नोबेल त्यांना फेलिक्स ब्लॉक यांच्यासह मिळाले. पण इथे आपल्याला हवे आहे ते १९४६ च्या वसंतात अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीसाठी त्यांनी दिलेले, एका परिच्छेदात मावणारे टिपण.

त्यात त्यांनी हिशेब मांडला. रेडिओ वारंवारतेला अणुकेंद्राने आपली ऊर्जा उत्स्फूर्तपणे सोडायची म्हटली, तर सुमारे ५ गुणिले १० चा २१ वा घात इतके सेकंद लागतील. विश्वाच्या आजच्या वयाच्या हा काळ सुमारे दहा हजार पट आहे. म्हणजे व्यवहारात ते कधीच घडणार नाही. पण त्याच पदार्थात धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळले आणि त्यांनी अनुनादी मंडलाचे काम केले, तर तेच उत्सर्जन काही मिनिटांच्या हिशेबात येईल. अणुकेंद्र तेच राहते, बदलतो तो शेजार. पोकळी जितकी लहान आणि लहर तिच्यात जितकी जास्त वेळ टिकणारी, तितका वेग जास्त. या वाढीला आज ‘पर्सेल गुणक’ म्हणतात.

मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे पटायला जड जाऊ नये. तंबोऱ्याची तार दोन भिंतींतल्या खिळ्यांना ताणून छेडली तर ती बराच वेळ थरथरते, पण ऐकू जेमतेम येते. तीच तार घोडीवरून तबलीला आणि भोपळ्याला जोडली की तिची ऊर्जा हवेत भराभर जाते आणि नाद भरून येतो. तार तीच, ऊर्जाही तेवढीच. ती किती चटकन आणि कुठे जाणार, हे भोपळा ठरवतो.

आरसा, पोकळी आणि भोके

टिपण छापले गेले आणि बराच काळ त्याकडे फारसे कुणी वळले नाही. १९६० च्या दशकात जर्मनीत मारबुर्ग येथे हान्स कून यांच्या प्रयोगशाळेत कार्ल हाइन्झ ड्रेक्सहागे यांनी एक सुंदर प्रयोग मांडला. मेदाम्लाचे एका रेणूएवढ्या जाडीचे थर एकावर एक चढवून त्यांनी आरसा आणि प्रकाश देणारे युरोपियमचे संयुग यांच्यातले अंतर नेमके ठरवले. थर वाढवत गेल्यावर चमक किती काळ टिकते ते मोजले, तर तो काळ अंतराबरोबर कमी-जास्त, कमी-जास्त असा हेलकावत होता. आरसा युरोपियमला शिवलेलाही नव्हता, तरी त्याच्या प्रकाशाचा वेग बदलत होता.

१९८१ मध्ये एमआयटीच्या डॅनियल क्लेप्नर यांनी उलटा प्रश्न विचारला: वाटा वाढवता येतात, तशा बंदही करता येतील का? तसे झाले तर अणूला प्रकाश सोडताच येणार नाही. १९८३ मध्ये पॅरिसमध्ये सेर्ज हारोश आणि सहकाऱ्यांनी पोकळीत उत्सर्जन वेगाने होताना दाखवले. १९८५ मध्ये क्लेप्नर यांच्या गटाने उत्तेजित सीझियम अणू धातूच्या दोन पट्ट्यांमधून जाऊ दिले. पट्ट्यांतले अंतर तरंगलांबीच्या मानाने इतके कमी, की लहरीला तिथे मावायला जागाच नाही. अणूंचे उत्तेजित आयुष्य किमान वीस पटींनी वाढले. उत्स्फूर्त म्हणवणारी गोष्ट जागेअभावी थांबून राहिली होती.

हे सारे विरळ अणूंचे झाले. घन पदार्थांत हेच करायची कल्पना १९८७ मध्ये दोघांना स्वतंत्रपणे सुचली. न्यू जर्सीतील बेल कम्युनिकेशन्स रिसर्चमध्ये एली याब्लोनोविच यांना अर्धसंवाहक लेझरमध्ये वाया जाणारे उत्स्फूर्त उत्सर्जन रोखायचे होते. प्रिन्स्टनमध्ये सजीव जॉन यांना प्रकाश एका जागी अडकवायचा होता. दोघेही एकाच उत्तरापाशी आले. स्फटिकातील अणूंची आवर्ती मांडणी इलेक्ट्रॉनला काही ऊर्जा निषिद्ध करते. तशीच प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाने आवर्ती रचना केली, तर प्रकाशालाही काही रंग निषिद्ध होतील. या रचनेला फोटॉनिक स्फटिक म्हणतात. याब्लोनोविच यांच्या गटाने १९९१ मध्ये ठरावीक कोनांतून भोके पाडून असा एक ठोकळा केला. त्याची भोके मिलिमीटरच्या मापाची, म्हणून तो दृश्य प्रकाश न अडवता सूक्ष्मलहरी अडवत होता.

पुढे ही भोके लहान होत गेली. अर्धसंवाहकाच्या पातळ पत्र्यावर शेकडो नॅनोमीटर अंतराने भोके पाडायची आणि मध्ये दोन-तीन पाडायची ठेवायची. भोकांच्या जाळीत प्रकाशाला जायला वाट नाही, म्हणून तो त्या न पाडलेल्या जागेत कोंडला जातो. २००३ मध्ये क्योटोत सुसुमु नोदा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा पोकळीच्या दोन टोकांची भोके किंचित बाहेर सरकवली तरी प्रकाश कितीतरी जास्त टिकतो. त्यांच्या पोकळीची गुणवत्ता ४५,००० पर्यंत गेली. म्हणजे आत आलेला प्रकाश निसटण्यापूर्वी हजारो कंपने करत होता.

एका काळ्या दगडाची गोष्ट

या प्रवाहाला येऊन मिळणारा दुसरा प्रवाह खूप जुना आहे. आपण आजही ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते, ग्राफाइट असते. युरोपातही असाच घोळ होता. बोटाला काळे करणारे, कागदावर उमटणारे मऊ दगड शिशाचे असावेत, असे लोक समजत. ग्रीक भाषेत शिशाला ‘मोलिब्डोस’ म्हणत. त्यांतला एक दगड ग्राफाइट नसून वेगळेच खनिज आहे, हे स्वीडनच्या कार्ल शील यांनी १७७८ मध्ये सिद्ध केले. त्यातून मिळालेल्या धातूला मॉलिब्डेनम हे नाव पडले. नाव मात्र त्या जुन्या गैरसमजाचेच.

हे खनिज म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याची अंतर्रचना १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात रॉस्को डिकिन्सन आणि लायनस पॉलिंग यांनी उलगडली; पॉलिंग यांचा तो पहिलाच प्रसिद्ध निबंध. मध्ये मॉलिब्डेनमचा थर, त्याच्या वर-खाली गंधकाचे थर, अशी तीन अणूंची चवड आणि अशा असंख्य चवडी एकावर एक. चवडीच्या आत बंध घट्ट, दोन चवडींमध्ये मात्र सैल; म्हणून त्या एकमेकींवरून घसरतात. हे खनिज वंगण म्हणून वापरात आले ते याच गुणामुळे. १९६० च्या दशकात रॉबर्ट फ्रिंड्ट यांनी ते अगदी थोड्या थरांपर्यंत सोलून पाहिले, आणि १९८६ मध्ये कॅनडात त्यांच्या गटाने एकच थर वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. पण त्या थराच्या प्रकाशाचा विषय तेव्हा निघाला नाही.

२००४ मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकेक थर सोलून ग्राफीन मिळवले. पुढच्याच वर्षी त्याच रीतीने त्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचाही थर काढला. मग २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टोनी हाइन्झ यांच्या गटाला आणि बर्कलीत आणखी एका गटाला जे दिसले, त्याने चित्रच पालटले. जाड स्फटिक प्रकाशाच्या बाबतीत जवळजवळ मुका, पण एकटा थर तांबडा चमकत होता. कोलंबियाच्या मोजणीत ही वाढ दहा हजार पटींहून अधिक होती.

कारण असे. उत्तेजित इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे ठेवलेली रिकामी जागा पुन्हा एकत्र येतात तेव्हा प्रकाश निघतो. पण दोघांचा संवेग जुळावा लागतो. जाड स्फटिकात तो जुळत नाही, जुळवायला स्फटिकाच्या कंपनांची मदत लागते आणि तोवर ऊर्जा उष्णतेत जाते. एकट्या थरात तो आपसूक जुळतो. वर-खालचे शेजारी दूर झाल्यावरच हा पदार्थ उजळला. त्याच वर्षी बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांच्या सल्फाइडांचे ग्राफीनसारखे थर रासायनिक मार्गाने तयार केले, याचीही नोंद इथे करायला हवी.

थर आणि पोकळी

चमकतो म्हटले, तरी हा थर मंदच होता. शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे धड एकही बाहेर येत नसे. थराची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर आणि त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या हजारपट. निघालेला थोडा प्रकाशही चहूकडे विखुरणार. इथे १९४६ चे टिपण आणि १७७८ चा दगड यांची गाठ पडली.

पूर्वी पोकळीत प्रकाश देणारा घटक बसवायचा तर तो स्फटिक वाढवतानाच आत पुरावा लागे, आणि तो नेमक्या जागी येईल याची खात्री नसे. थराच्या बाबतीत पोकळी आधी तयार करता येते आणि मग थर उचलून तिच्यावर चादरीसारखा अंथरता येतो. तो इतका पातळ, की पोकळीचे गणित फारसे बिघडत नाही. मात्र त्याचीही किंमत आहे: प्रकाश सर्वांत दाट असतो पत्र्याच्या पोटात आणि थर बसतो वर. त्याच्या वाट्याला काठावरचा प्रकाश येतो.

२०१३ मध्ये डर्क इंग्लंड यांच्या गटाने, हाइन्झ प्रभृतींबरोबर, गॅलियम फॉस्फाइडच्या पोकळीवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर ठेवला. पोकळीशी जोडलेला प्रकाश पाच पटींहून जास्त तेजस्वी दिसला आणि त्यावरून उत्सर्जनाचा वेग सत्तर पटींहून अधिक वाढल्याचे अनुमान त्यांनी काढले. २०१४ मध्ये शियाओडाँग शू आणि येलेना वुच्कोविच यांच्या गटांनी टंगस्टन डायसेलेनाइडच्या थरावर साठ पटींपर्यंत वाढ नोंदवली.

अशा आकड्यांपाशी वाचकाने क्षणभर थांबावे, असे मला वाटते. ‘प्रकाश इतक्या पटींनी वाढला’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पोकळीमुळे थराने ऊर्जाच जास्त शोषली असेल. निघालेला प्रकाश चहूकडे न जाता उपकरणाकडे वळला असेल, म्हणजे कोनाड्यातल्या पणतीसारखा. किंवा उत्सर्जनाचा वेग खरोखर वाढला असेल, म्हणजे भोपळ्याला जोडलेल्या तारेसारखा. पर्सेल यांचा मुद्दा फक्त तिसरा. मोजलेले पाच आणि अनुमानाचे सत्तर यांच्यातले अंतर याच गुंत्यातून येते. कोणता आकडा कशाचा, हे स्पष्ट सांगणे ही या क्षेत्रातल्या प्रामाणिकपणाची कसोटी ठरली.

ही कसोटी सर्वांत कडक झाली लेझरच्या बाबतीत. २०१५ मध्ये शू आणि सहकाऱ्यांनी टंगस्टन डायसेलेनाइडचा एकच थर आणि फोटॉनिक स्फटिकाची पोकळी यांतून लेझर मिळाल्याचे जाहीर केले. उणे १४३ अंश सेल्सिअसला त्याला लागणारी प्रकाशशक्ती अवघी २७ नॅनोवॉट. २०१७ मध्ये चुन-झेंग निंग यांच्या गटाने सिलिकॉनच्या पट्टीवर मॉलिब्डेनम डायटेल्युराइड ठेवून खोलीच्या तापमानाला लेझर दाखवला. संगणकाच्या चिपवर तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशाने संदेश न्यायचे, तर असेच कमी ऊर्जेचे, सिलिकॉनवर बसणारे स्रोत हवेत; म्हणून या बातम्यांना महत्त्व आले.

पण हे खरेच लेझर आहेत का? २०१८ मध्ये यॉर्क विद्यापीठातील थॉमस क्राउस आणि सहकाऱ्यांनी या दाव्यांची झाडाझडती घेणारा निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकात हॅम्लेटचा प्रश्न लेझरला विचारला. अडचण खरी होती. नेहमीच्या लेझरमध्ये ऊर्जा वाढवत नेली की एका क्षणी तेज एकदम उसळते. तो उंबरठा ओलांडला की उत्स्फूर्त प्रकाश संपून उद्दीपित प्रकाशाचे राज्य सुरू होते. इतक्या चिमुकल्या पोकळीत मात्र उत्स्फूर्त प्रकाशाचा मोठा वाटा आधीपासूनच त्या एका वाटेने जात असतो. उंबरठा पुसट होतो आणि उसळी दिसेनाशी होते. मग तेजाच्या आलेखावर भागत नाही. फोटॉन एकेकटे येतात की थव्याने, हे मोजून ठरवावे लागते. पोकळीचे यश जितके मोठे, तितकी आइन्स्टाइन यांनी आखलेली उत्स्फूर्त आणि उद्दीपित यांच्यातली सीमा ओळखणे कठीण.

श्रेय वाटून घेताना

इथवर वाचून सारे श्रेय जागेला द्यावेसे वाटेल. तसे करणेही एकांगी होईल. २०१५ मध्येच बर्कलीच्या अली जावी यांच्या गटाने कोणतीही पोकळी न वापरता मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थराला एका अतितीव्र आम्लाची प्रक्रिया दिली. थरातले दोष निष्प्रभ झाले आणि शोषलेल्या फोटॉनांपैकी प्रकाशरूपाने परतणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आतून पंच्याण्णव टक्क्यांवर गेले. दोषांमुळे ऊर्जा वाटेतच गळत असेल तर सुबक पोकळीही थोडेच वाचवू शकते. चिरलेल्या तारेला भोपळा काय करणार?

आणि कधी कधी जागा आणि पदार्थ वेगळे काढताच येत नाहीत. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात विनोद मेनन यांच्या गटाने असा थर दोन आरशांमध्ये ठेवला, तेव्हा प्रकाश आणि थरातली उत्तेजना यांची देवघेव इतकी जलद झाली, की त्यांची मिळून अर्धी प्रकाश, अर्धी द्रव्य अशी संमिश्र अवस्था तयार झाली. २०१७ मध्ये केंब्रिज आणि एडिंबरा येथील गटांनी थर अतिसूक्ष्म खांबांवर अंथरला. तंबूच्या कापडासारखा तो खांबांच्या टोकांवर ताणला गेला आणि नेमक्या त्या टोकांवरून एका वेळी एकच फोटॉन सोडणारे स्रोत उगवले. गुप्त संदेशवहनासाठी असे स्रोत हवे असतात. इथे नॅनोरचनेने प्रकाशाची वाट बदलण्याआधी पदार्थच बदलला होता.

२०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या साऱ्या इतिहासाचे सार वाटतो. मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचा थर त्यांनी आरशावर अधांतरी ताणला आणि विजेच्या दाबाने त्याचे आरशापासूनचे अंतर बदलत ठेवले. अंतर बदलले की थराचे शोषण आणि उत्सर्जन दोन्ही बदलत. अंतर पूर्ववत केले की तेही पूर्ववत होत. मारबुर्गला प्रत्येक अंतरासाठी मेदाम्लाचे नवे थर चढवावे लागत होते. इथे तेच काम एका विद्युत्दाबावर होत होते.

जुन्या कोष्टकातला सोळा नॅनोसेकंदांचा आकडा अजूनही बरोबरच आहे. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवावा लागेल: कुठे? आणि ‘उत्स्फूर्त’ हा शब्दही टाकून द्यायचे कारण नाही. उत्सर्जनाचा क्षण आजही कुणी आधी सांगू शकत नाही. तेवढी उत्स्फूर्तता अणूची आहे. ते किती लवकर होईल, कोणत्या दिशेने जाईल आणि मुळात होईल की नाही, यात मात्र त्याच्या आसपासच्या आरशांचा, पोकळ्यांचा आणि भोकांचाही वाटा आहे.